दूरचा उपचारक आणि जवळचा माणूस : आघातोत्तर तणावावरील दूरस्थ उपचारांची ओळख

३ मे २०२५च्या पहाटे डिचोली तालुक्यातल्या शिरगावात श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा भाविकांचा जीव गेला, सत्तरहून अधिक जखमी झाले. जखमींना म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवण्यात आलं. हाड मोडलेल्या माणसाला कुठं न्यायचं, हे त्या गोंधळातही सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच जत्रेतून अंगावर ओरखडाही न उमटता हजारो लोक घरी परतले. त्यांच्यापैकी कुणाला पुढं महिनोन्‌महिने गर्दी दिसली की घाम फुटत असेल, जत्रेतल्या मोगऱ्याच्या वासाबरोबर तीच पहाट डोळ्यांसमोर येत असेल, मध्यरात्री दचकून जाग येत असेल, तर त्यानं कुठं जायचं? त्याच्यासाठी उपचार आहे, तो सिद्ध झालेला आहे आणि बऱ्याच प्रमाणात तो दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून देता येतो. ही गोष्ट पेडणे आणि डिचोलीतल्या घराघरांत पोचावी म्हणून हे पुस्तक आहे.

गोव्याच्या नकाशावर हे दोन्ही तालुके उत्तरेच्या अंगाला येतात. पेडण्याच्या एका बाजूला हरमल, मांद्रे, मोरजीचे किनारे, दुसऱ्या बाजूला मोप्याचं पठार आणि पलीकडे सिंधुदुर्ग. डिचोलीला खाणींचा पट्टा, देवळं आणि जुनी बाजारपेठ. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये तिळारीचं पाणी शापोरा नदीतून चढलं आणि हणखणे, इब्रामपूर, चांदेलच्या बाजूला लोकांच्या घरांत शिरलं. महामार्गावरचे अपघात आहेत. समुद्रातून बुडालेल्यांना बाहेर काढणारे जीवरक्षक आहेत, १०८ रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आहेत, महिनोन्‌महिने जहाजावर राहणारे दर्यावर्दी आहेत. बंद दाराआड मार खाणाऱ्या बायका आहेत आणि ज्यांच्यावर कुणा ओळखीच्याच माणसानं अत्याचार केला अशी मुलं आहेत. मनोविकारांचं मुख्य सरकारी उपचारकेंद्र मात्र बांबोळीला आहे. पेडण्याच्या टोकावरून तिथं जाऊन यायचं म्हणजे म्हापशाला बस बदलायची, पणजीला बदलायची आणि दिवसाची मजुरी सोडायची. असे आठ-दहा आठवडे ओळीनं जाणं बहुतेकांना परवडत नाही. ज्याला बसच्या गर्दीचीच भीती बसली आहे त्याला तर ते शक्यच नाही.

ज्या विकाराबद्दल आपण बोलत आहोत त्याला वैद्यकात आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. डॉक्टरमंडळी पीटीएसडी एवढंच म्हणतात. जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार माणसानं स्वतः सोसला असेल, डोळ्यांनी पाहिला असेल किंवा आपल्या जवळच्या माणसाच्या बाबतीत तो घडल्याचं त्याला कळलं असेल, तर त्यानंतर हा विकार जडू शकतो. त्याची लक्षणं चार गटांत मांडली जातात. पहिला गट आठवणींचा. प्रसंग आठवतो एवढंच नव्हे, तर तो आत्ता, या क्षणी पुन्हा घडतो आहे असं वाटतं. स्वप्नंही त्याचीच पडतात. दुसरा गट टाळण्याचा. ती जागा, तो रस्ता, ती माणसं, तो विषयच नको होतो. तिसऱ्या गटात मनाचा रंग पालटतो. सगळा दोष माझाच, जगात कुणाचा भरवसा नाही, आता मला कशातच रस नाही, असे विचार घर करतात. चौथा गट सततच्या सावधपणाचा. झोप उडते, चिडचिड वाढते, साध्या आवाजानं काळीज धडधडतं. ही लक्षणं महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी रोजचं जगणं अडवलं, तरच हे निदान करतात.

आघात सोसलेल्या प्रत्येकाला हा विकार होत नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं अनेक देशांत झालेल्या सर्वेक्षणांत सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात एखादा तरी मोठा आघात अनुभवल्याचं सांगितलं; विकार जडलेल्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं. बहुतेक माणसं घरच्यांच्या आधारानं आणि काळाच्या ओघात सावरतात. त्यामुळं प्रत्येक पूरग्रस्ताला रुग्ण ठरवणं जितकं चूक, तितकंच खरोखर अडकून पडलेल्या माणसाला ‘होईल हळूहळू ठीक’ असं सांगत वर्षानुवर्षं थांबवून ठेवणंही चूक.

दुसरी एक सीमारेषाही आखून घ्यावी लागते. मोप्याच्या पठारावरच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. त्यासाठी मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि काजूच्या बागा गेल्या. डिचोलीत २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक आणि बार्जवर पोट असलेली घरं हवालदिल झाली. जमीन जाणं, धंदा बसणं यातून दुःख येतं, नैराश्य येतं, दारू वाढते. त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणता येणार नाही, आणि जमिनीच्या प्रश्नावर समुपदेशन हे उत्तर नव्हे. तिथं न्याय आणि भरपाईच हवी. पण ज्याच्या आयुष्यात आधीच असे ताण साचले आहेत, त्याच्यावर अपघात किंवा पूर कोसळला तर सावरणं अधिक जड जातं, हे उपचारकानं विसरू नये.

या विकाराची ओळख वैद्यकाला पटायला शंभराहून अधिक वर्षं लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर जेकब दा कोस्टा या डॉक्टरनं सैनिकांच्या धडधडत्या छातीवर १८७१ साली लिहिलं; त्याला तो हृदयाचाच आजार वाटला. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांची वाचा जाऊ लागली, हातपाय थरथरू लागले. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटलं. त्या काळात कित्येकांना भेकड ठरवलं गेलं. मात्र एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स सैनिकांना वेगळंच सांगत होते. युद्ध विसरायचा आटापिटा केला तर ते अधिकच छळतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्या समाजाचा अभ्यास करून गेले होते. परक्या माणसाचं म्हणणं त्याच्या जगात शिरून ऐकायची सवय त्यांना होती आणि ती त्यांच्या उपचारांतही उतरली.

मनाच्या उपचारांच्या या इतिहासात एक गोमंतकीयही आहे. कांदोळी इथं १७५६ साली जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करत. संमोहित करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य शक्ती वाहते, अशी तेव्हाची समजूत होती. फारियांनी ती नाकारली. जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडतं, असं त्यांनी मांडलं. पुढं फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेचं शास्त्र उभं केलं आणि पिएर जाने यांनी आघातामुळं मनाचा एक भाग तुटून वेगळा कसा पडतो ते दाखवलं. त्या वाटेवर फारिया आधीच चालून गेले होते. गोव्यातल्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचंच नाव होतं. बरं होण्याचं बळ रुग्णाच्या ठायी असतं आणि उपचारक त्याला फक्त जागं करतो, हा विचार आज पडद्यावरून चालणाऱ्या उपचारांच्याही मुळाशी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन चळवळींनी हा विषय पुढं रेटला. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आपल्या अवस्थेला नाव मागितलं. स्त्रियांच्या चळवळीतून १९७४ साली ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतरच्या लक्षणांची नोंद केली आणि ती सैनिकांच्या लक्षणांशी जुळली. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार प्रथम नोंदला गेला. जूडिथ हर्मन यांनी १९९२ साली दाखवून दिलं, की रणांगण आणि घर यांतल्या आघातांची जात एकच आहे, पण वर्षानुवर्षं चाललेला छळ माणसाचं स्वतःशी आणि इतरांशी असलेलं नातंच मोडून टाकतो. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा जटिल प्रकाराला स्वतंत्र जागा मिळाली.

उपचारांच्या मुख्य परंपरा नवख्या वाचकाला आरंभीच समजून घेता येतील, कारण त्यांच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे. टाळल्यानं घटकाभर बरं वाटतं, पण भीती तशीच राहते. एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण प्रसंगाची आठवण पुन्हा पुन्हा, तपशिलानं, सुरक्षित वातावरणात सांगतो आणि टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीनं जातो. पॅट्रिशिया रेझिक यांच्या पद्धतीत भर असतो तो अडकून पडलेल्या विचारांवर. ‘गर्दीत मी तिचा हात धरून ठेवायला हवा होता’ असं म्हणणाऱ्या भावाला उपचारक थेट ‘तुझी चूक नव्हती’ असं सांगत बसत नाही. तेव्हा त्याला काय दिसत होतं, किती जागा होती, किती क्षण होते, हे तो त्याच्याकडूनच तपासून घेतो. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क आणि आंके एलर्स यांनी या दोन्ही धाग्यांना जोडून, धोका अजून संपलेला नाही ही जाणीव मनात का टिकते याची मांडणी २००० साली केली. फ्रान्सीन शापिरो यांच्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची लयबद्ध हालचाल करतात. निर्वासितांसाठी जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी सगळं आयुष्यच जन्मापासून ओळीनं सांगायची पद्धत घडवली. युद्धातून पळालेल्या माणसाला एकच आघात नसतो, हे त्यांनी ध्यानात घेतलं. मुलांसाठी आईबापांना बरोबर घेऊन चालणारी वेगळी पद्धत आहे. औषधांपैकी सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन यांचा काही रुग्णांना उपयोग होतो. झोपेच्या आणि शामक गोळ्यांनी मूळ विकार हटत नाही आणि सवय मात्र लागते.

काय करू नये, हेही या शास्त्रानं शिकवलं. दुर्घटनेनंतर दोन-चार दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवून जे घडलं ते सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. संशोधनांचा एकत्र आढावा घेतल्यावर तिचा फायदा दिसला नाही. काहींना त्रासच झाला. म्हणून आज पहिल्या दिवसांत मानसिक प्रथमोपचार सांगितले जातात. माणसाची गरज पाहायची, तो बोलेल तेवढं ऐकायचं, त्याला घरच्यांशी आणि मदतीशी जोडून द्यायचं. खोलवरचा उपचार त्यानंतर, आणि ज्याला गरज आहे त्यालाच. गावात दुर्घटना घडल्यावर आपुलकीनं धावून जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं, पंचानं आणि पत्रकारानं एवढं तरी जाणावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हे उपचार दुरून देण्याची कल्पना कोविडच्या काळात जन्मली असं अनेकांना वाटतं. ती बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात सेसिल विटसन यांनी १९५९ साली दुतर्फा दूरचित्रवाणी जोडून मनोविकारांच्या उपचारांसाठी तिचा वापर सुरू केला. १९६८ साली बॉस्टनच्या लोगन विमानतळावरचा दवाखाना दूरचित्रवाणीनं मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळाला जोडला गेला आणि त्या दुव्यावरच्या मानसोपचारांविषयी थॉमस ड्वायर यांनी १९७३ साली लिहिलं. विमानतळाच्या आवारातून मनाचा डॉक्टर गाठण्याची सोय अर्ध्या शतकापूर्वी झाली होती, हे मोप्याच्या वाचकांना विशेष जवळचं वाटावं. पुढं ॲम्स्टरडॅमच्या आल्फ्रेड लांगे यांनी लेखनाचा मार्ग घेतला. रुग्ण ठरवून दिलेल्या टप्प्यांनी आपला अनुभव लिहितो. आधी प्रसंगाला सामोरं जायचं, मग त्याकडे नव्या नजरेनं पाहायचं, शेवटी ते कुणाशी तरी वाटून निरोप द्यायचा. उपचारक ते वाचून लेखी उत्तर देतो. याच धर्तीवर क्रिस्टीन क्नेव्हल्सरूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरबी भाषेत, युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या इराकमधल्या लोकांवर उपचार केले. जिथं उपचारक पोचूच शकत नव्हता, तिथं त्याची अक्षरं पोचली आणि लोकांची लक्षणं कमी झाली.

समोरासमोर बसल्याइतका हा उपचार लागू पडतो का, ही शंका रास्त आहे आणि तिची कसून तपासणी झाली आहे. अमेरिकेत निवृत्त सैनिकांवर झालेल्या चाचण्यांत दृक्‌श्राव्य माध्यमातून दिलेले उपचार प्रत्यक्ष उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत. कार्डिफच्या संशोधकांनी २०२२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १९६ जण होते. उपचारकाच्या थोड्या मार्गदर्शनासह इंटरनेटवरून घेतलेला कार्यक्रम १६ आठवड्यांनंतर प्रत्यक्ष उपचारांच्या बरोबरीचा ठरला आणि त्यात उपचारकाचा वेळही बराच वाचला. वर्षाअखेरीस मात्र ही बरोबरी तितक्या ठामपणे दाखवता आली नाही. शिवाय ही माणसं एकाच प्रसंगातून आलेल्या, सौम्य किंवा मध्यम त्रासाची होती. बालपणापासून छळ सोसलेल्या व्यक्तीला तोच निष्कर्ष आंधळेपणानं लावता येत नाही. एवढं ध्यानात ठेवून विश्वासानं म्हणता येतं, की या उपचारांत अंतर हा अडथळा उरलेला नाही. सोबत देणारं कुणीच नसणं हा अडथळा अजून आहे. उपकरण देऊन माणसाला एकटं सोडलं, तर अर्ध्यावर सोडून जाणारे वाढतात. अधूनमधून विचारपूस करणारं कुणी असलं, तर माणसं टिकतात.

आपल्या देशात हा विषय आपत्तींच्या मागोमाग वाढला. १९८४च्या भोपाळ वायुकांडानंतर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या आर. श्रीनिवास मूर्ती यांनी तिथल्या साध्या डॉक्टरांना मनाच्या जखमा ओळखायला शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर-धाराशिवची गावं भुईसपाट केली. त्यानंतर मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी तिथल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा पाठपुरावा केला. पुढं २००१चा गुजरातचा भूकंप, २००४ची त्सुनामी, महाराष्ट्रात माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथं कोसळलेल्या दरडी. प्रत्येक वेळी पहिल्या आठवड्यात तज्ज्ञांची पथकं धावली. परंतु हा विकार बऱ्याचदा महिन्यांनी डोकं वर काढतो, तेव्हा पथकं परत गेलेली असतात. दूरस्थ उपचारांचं खरं मोल इथंच आहे. पथक निघून गेलं तरी उपचारक सहा महिन्यांनीही त्याच रुग्णाच्या संपर्कात राहू शकतो.

या साखळीतला सर्वांत मोलाचा दुवा मात्र गोव्यानंच जगाला दिला. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात स्थापन केलेल्या ‘संगात’ या संस्थेनं एक धाडसी प्रश्न विचारला. मनोविकारतज्ज्ञ मूठभर असतील, तर मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांकडून उपचार होतील का? गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, २,७९६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांच्या मदतीनं नैराश्य आणि चिंतेचे अधिक रुग्ण बरे झाले होते. पुढं २०१७ साली तीव्र नैराश्य आणि अतिमद्यपान यांवरच्या त्यांच्या छोट्या उपचारांचेही चांगले परिणाम प्रसिद्ध झाले. हे अभ्यास आघातोत्तर तणावाचे नव्हते, हे खरं. पण उपचार कोण देऊ शकतं याविषयीची जगाची कल्पना त्यांनी बदलली, आणि त्यातल्या खोल्या, बाकडी, माणसं आपल्याच आरोग्य केंद्रांतली होती. देशात एक लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता वाट्याला येत नाही. अशा वेळी दूरचा तज्ज्ञ आणि जवळचा शिकलेला मदतनीस यांची जोडी हा आपल्या सर्वांत आवाक्यातला मार्ग आहे. तोच या पुस्तकाचा मुख्य आग्रह आहे.

हा आग्रह आजच धरायचं कारणही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७नं उपचार हा हक्क मानला. मार्च २०२०मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि डॉक्टरांच्या मनातला कायद्याचा संभ्रम दूर झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडल्यास तज्ज्ञ भेटतो, मराठीतही आणि कोकणीतही. हा पहिला दरवाजा फार मोलाचा आहे. पण एका फोननं आघाताचा उपचार पुरा होत नाही. त्याला ठरलेल्या दिवशी, त्याच उपचारकाशी, आठ ते बारा भेटी लागतात. दुसरं कारण माणसांच्या वाढत्या स्थलांतराचं. ६ डिसेंबर २०२५च्या रात्री हडफडे इथल्या नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले; त्यांतले बहुतेक तिथं काम करणारे, परराज्यांतून आलेले तरुण होते. जे वाचले ते आपापल्या गावी परतले, तर त्यांचा उपचार गोव्यात कसा व्हायचा? तसाच आपला दर्यावर्दी जहाजावर असतो, बहीण आखातात असते, मुलगा लंडनला. उपचारानं माणसामागं जायला हवं, आणि ते आता जमण्यासारखं आहे.

मात्र मर्यादा झाकून केलेला प्रचार रुग्णाच्या मुळावर येतो, म्हणून त्याही उघड सांगितल्या पाहिजेत. चार माणसांच्या घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याच्या हातात असेल, तर मारहाण सोसणाऱ्या बाईनं बोलायचं कसं? तिच्यासाठी आरोग्य केंद्रातली खोली घरापेक्षा सुरक्षित असते. आठवणीत खोल शिरलेली असतानाच रेंज गेली तर काय, हे पहिल्याच भेटीत ठरलेलं हवं. कोण कुणाला फोन लावणार, तोवर पाय जमिनीवर टेकवून, आजूबाजूच्या पाच वस्तू मोजत आजच्या क्षणात कसं परतायचं, हे रुग्णाला शिकवलेलं हवं. प्रत्येक भेटीच्या आरंभी आज आपण नेमके कुठं बसला आहात हे उपचारकानं विचारून घ्यावं, आणि तातडीच्या वेळी पोचू शकेल अशा जवळच्या माणसाचा क्रमांक त्याच्याकडे असावा. जीव द्यायचे विचार बळावलेले असतील, दारू हाताबाहेर गेली असेल किंवा अत्याचार करणारा त्याच घरात असेल, तर आधी प्रत्यक्ष मदत आणि सुरक्षितता, मग पडद्यावरचा उपचार.

भाषेचा आणि श्रद्धेचा विचारही तितकाच निकडीचा. पेडण्याचा माणूस मराठी वाचतो, देवळात मराठी अभंग म्हणतो, पण भीतीनं गाळण उडालेली सांगताना आपल्या पेडणेकरी बोलीत येतो. पुण्या-मुंबईच्या उपचारकानं त्याला प्रमाण मराठीत बोलायला भाग पाडू नये. आठवण ज्या बोलीत घडली त्याच बोलीत ती पुरी सांगता येते. संकट आलं की आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, कौल घेतात. उपचारकानं त्याची हेटाळणी केली तर रुग्ण त्या दिवसापासून गप्प बसेल. उलट लईराईचं पिढीजात व्रत करणाऱ्या धोंडाला आज जत्रेच्या वाटेची धास्ती वाटत असेल, तर पुन्हा देवीच्या दारी उभं राहणं हेच त्याच्या उपचाराचं ध्येय ठरू शकतं. आधी रिकाम्या दिवशी देवळापर्यंत, मग एखाद्या सणाला, मग वैशाख शुद्ध पंचमीला, सोबतीनं आणि त्याच्या वेगानं. श्रद्धा आणि शास्त्र इथं एकाच वाटेनं चालतात.

हे पुस्तक कुणाला तज्ज्ञ बनवण्याचा दावा करत नाही. त्यात मनोविकारतज्ज्ञांचं शास्त्रीय विवेचन आहे, समुपदेशकांचे अनुभव आहेत, कायद्याची माहिती आहे आणि बरे झालेल्यांनी ओळख न देता सांगितलेल्या कहाण्या आहेत. या कहाण्यांत भयानक तपशील मुद्दाम गाळले आहेत, कारण वाचणाऱ्यांतही कुणी जखमी असू शकतो. गोव्यात इतर राज्यांसारख्या आशा कार्यकर्त्या नाहीत. म्हणून आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, शाळेतले समुपदेशक, पंचायतीचे सदस्य आणि महिला मंडळं हे आमचे पहिले वाचक आहेत. लक्षणं ओळखणं, योग्य शब्दांत विचारणं, माणसाला दूरच्या उपचारकाशी जोडून देणं आणि उपचार चालू असेतो त्याची साथ न सोडणं, एवढं त्यांना जमावं अशी या पुस्तकाची मांडणी आहे. ते ओळीनं वाचायला हवं असं नाही, पण सुरक्षिततेचा भाग मात्र कुणी वगळू नये.

या विषयावरचं बरंचसं ज्ञान आजवर इंग्रजीतच राहिलं. ते मराठीत आणताना आम्ही एकच कसोटी लावली : कासारवर्ण्याच्या आरोग्य केंद्रात संध्याकाळी हे पान उघडणाऱ्या सेविकेला त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी काही करता येईल का? ती जे करील त्याला शासनाचं बळ मिळायला हवं. पेडणे आणि डिचोलीतल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात दार लागेल अशी एक खोली, न तुटणारी जोडणी असलेला एक पडदा आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ही मागणी फार मोठी नाही. त्या खोलीत रुग्णाला बसवून, दूरच्या उपचारकाशी गाठ घालून देऊन बाहेर थांबणारं माणूस आपण तयार केलं, तर इथल्या कुणालाही धसका उरात दाबून वर्षं काढावी लागणार नाहीत. ती खोली मागण्यासाठी वाचकांनी आपल्या ग्रामसभेत उभं राहावं.

— संपादक
मोपा, पेडणे